पाचवा शब्द

थेंब पडले तेव्हा वारलू पुंगाटीचं तिकडे लक्षच नव्हतं. इस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता, पत्र्याच्या सभागृहात तीस-पस्तीस माणसं घामाने निथळत बसली होती, आणि प्रभुभोजनाचा इवलासा प्याला त्याच्या उजव्या हातात होता. काळ्या मनुका उकळून काढलेला तो रस त्याच्याच घरच्या पातेल्यातला. आदल्या संध्याकाळी त्याची बायको स्वाती तो गाळत असताना फडक्याचं एक टोक त्यानेच धरलं होतं. पास्टर प्रफुल 'घ्या' म्हणाले. वारलूने डोळे मिटले, प्याला ओठांकडे नेला, आणि ओठांना लागायच्या आधी अंगठ्याने त्याची कड जराशी तिरकी केली, दोन थेंब जमिनीवर सोडले, मग उरलेला रस तो प्यायला. आमेन म्हणून डोळे उघडले तर पायापाशी पांढऱ्या फरशीवर दोन टपोरे काळपट ठिपके. कुणाचा धक्का लागला नव्हता, हात थरथरला नव्हता. ज्या सफाईने हाताने ते काम केलं होतं, ती सफाई त्याच्या चांगलीच ओळखीची होती. त्याचा बाप जंगू मोहाच्या दारूचा द्रोण तोंडाला लावण्याआधी अगदी असाच अंगठा तिरका करायचा. पहिले दोन थेंब जमिनीला, म्हणजे जमिनीखालच्या आजा-पणज्याला, मग आपल्याला. भामरागडच्या पलीकडच्या त्यांच्या गावात त्याशिवाय कुणी घोट घेत नसे. वारलूने डावा पाय सरकवून ठिपक्यांवर ठेवला. तळव्याला चिकट लागलं, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत त्याने तो पाय उचलला नाही.

एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं त्याने या हातावर पहारा ठेवला होता. चंद्रपुरात तो आला तेव्हा बिगारी होता, दिवसभर गिट्टी वाहायची आणि संध्याकाळी जे मिळेल ते प्यायचं. एका सकाळी जटपुरा गेटजवळच्या नालीत तोंड खाली करून पडलेला असताना या मंडळीतल्या दोघांनी त्याला ओढून बाहेर काढलं. त्याचं ओकारीने भरलेलं अंग त्यांनी स्वतःच्या हातांनी धुतलं. गावात बापाशिवाय त्याला कुणी धुतलं नव्हतं. वारलूला जे मिळालं ते तिथे मिळालं, प्रवचनातून नव्हे, त्या दोन बादल्या पाण्यातून. बाप्तिस्म्याच्या दिवशी इरई नदीच्या पात्रात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्याने कुणी न मागता शपथ घेतली: हा हात पुन्हा दारूच्या भांड्याला लागणार नाही, मरेपर्यंत नाही. आणि पाळली. त्याचं सगळं असंच होतं, अर्धंमुर्धं काही जमायचंच नाही. पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून लागला तर ते कामही त्याने प्रार्थनेसारखं धरलं. पहाटे पाचला पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, खड्ड्यातल्या व्हॉल्व्हवर ती बसवायची आणि बावीस आटे फिरवायचे. एका प्रार्थनेत चार आटे होतात हा त्याचा हिशेब होता. दहा मिनिटं जास्त पाणी सोड म्हणून कुणी चहा पुढे केला तर तो हात जोडायचा. गल्लीतून परत जाताना ज्या नळाखाली बादली नसेल तो नळ बंद करत जायचा. पाणी मातीत जाताना पाहिलं की त्याला चोरी पाहिल्यासारखं व्हायचं. लोक त्याला पाठीमागे 'संत' म्हणत. कौतुकाने म्हणत की चिडवायला, हे ज्याचं त्याला ठाऊक.

त्या रविवारी उपासना संपल्यावर शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, शब्दांची वाटणी झाली. वधस्तंभावर प्रभू सात वेळा बोलला. बारा ते तीन, उपाशी आणि पाण्याचा थेंबही न घेता, मंडळीतल्या सात जणांनी एकेका शब्दावर बोलायचं, अशी इथली रीत. पाचवा शब्द सगळ्यांत लहान. तहान लागली, एवढंच. पास्टर हसून म्हणाले, "पाण्याचा शब्द पानीवाल्यालेच द्या. वारलूभाऊ, यंदा पाचवा तुमचा. आन् इस्टरले तुमाले एल्डर करतो ना, तं मंडळीले आयकू द्या तुमचं." सगळे हसले. एल्डर म्हणजे मंडळीचा वडील; ज्या माणसांनी त्याला नालीतून काढलं, त्यांच्या रांगेत तो बसणार. वारलूने मान डोलावली. पायाचा तळवा अजून चिकट होता.

घरी येऊन त्याने पाय दोनदा धुतला. स्वातीने विचारलं, "काऊन, काही रुतलं का?" तो नाही म्हणाला. ती नागभीडकडची, मंडळीत त्याच्याही आधीपासूनची, आणि तिच्या बोलण्यात कधी खोच नसायची. म्हणून तिच्याशी खोटं बोललं की ते जास्तच जाणवायचं. संध्याकाळी तिने चहा दिला. कप हातात घेतल्याबरोबर त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. स्वाती पाहत राहिली. "हात दुखते," तो म्हणाला. म्हणजे दिवसभरात दोन खोटी.

सोमवार, मंगळवार तसेच गेले. पाणी पिताना, पोराने दिलेलं सरबत घेताना, सगळीकडे तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठा गुपचूप होता. पण पहाटे व्हॉल्व्हवर त्याला आता भीती वाटू लागली होती, आणि ती भीती नवी नव्हती, वर्षभराची होती. फक्त आता तिला लपायला जागा उरली नव्हती. चंद्रपुरात उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येतं. रिकाम्या नळीत हवा भरते, आणि पाणी येण्याआधी ती हवा बाहेर पडते तेव्हा गल्लीतला एकेक नळ खोकतो. कोरडा, खोल, छातीतून आल्यासारखा खोकला. आधी पहिल्या घरचा, मग त्यापुढचा, मग पार टोकापर्यंत. वर्षभर वारलू त्या वेळी प्रार्थना मोठ्याने म्हणत आला होता. बाया दारात येऊन म्हणायच्या, "संताचं सुरू झालं बा." त्यांना काय माहीत की तो कुणाचा आवाज दाबतो आहे.

बाप मागल्या चैत्रात गेला. निकेशचा, धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा वारलू रात्रीच्या गाडीने आलापल्लीला, तिथून हेमलकशाला आणि पुढे चालत गेला होता. मोहाची फुलं वेचायचे दिवस, सगळं रान गोड वासाने दाटलेलं, आणि तो वास त्याला नको होता म्हणून त्याने तोंडाला रुमाल बांधलेला. बाप अंगणात खाटेवर होता, खोकून खोकून बरगड्या वर आलेल्या. त्याने वारलूला ओळखलं. बोलता येईना, अंगठा तेवढा तिरका करून दाखवला. निकेशने आतून छोटी बाटली आणली. थोरल्या मुलाने दोन थेंब जमिनीवर सोडायचे, दोन बापाच्या जिभेवर; मग खालची माणसं येणाऱ्याला ओळखून घेतात, आणि जाणारा वाट चुकत नाही. बाटली वारलूच्या पुढे आली. त्याने हात मागे घेतला. शपथ शपथ होती. पण गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. त्याच्या मनात आलं, आत्ताच वेळ आहे, बाप वाचू शकतो, प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर मरणारा चोरसुद्धा शेवटच्या घटकेला वाचला होता. त्याने स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, बापाच्या कानाशी वाकून प्रभूचं नाव सांगितलं. एकदा, दोनदा, मोठ्याने. बापाची नजर बाटलीवर होती. ओठ फाटलेले. 'येर,' तो म्हणाला, त्यांच्या माडिया बोलीत पाणी. इतकं त्याला जमलं. आणि वारलू म्हणाला, "नाव घे, बाबा. एक बार घे. मंग देतो."

बापाने ओठ मिटून घेतले. रागाने नाही, पाहुण्याने भलतंच काही मागितलं की माणूस अवघडून गप्प होतो तसे. मग वारलू घाबरला, त्याने पाणी ओतलं, पण ते आत गेलंच नाही. ओठांच्या कोपऱ्यातून गालावर, गालावरून खाटेच्या दोरीवर आणि दोरीतून खाली मातीत. गावात लोकांनी त्याला एक शब्द लावला नाही. मंडळीत परत येऊन त्याने साक्ष दिली: बाप मरत असतानाही आपण दारूच्या भांड्याला हात लावला नाही, सगळ्या गावासमोर प्रभूचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया म्हटलं. त्याच साक्षीनंतर त्याला एल्डर करायचं बोलणं सुरू झालं. 'मंग देतो' हे दोन शब्द त्याने साक्षीत सांगितले नव्हते. कुणाला, देवालासुद्धा, सांगितले नव्हते. जणू देव त्या अंगणात नव्हताच.

बुधवारी निकेशचा फोन आला. दोघं माडियात बोलत, मधे मधे मराठी. "दादा, शुक्रवारी बाबाचा गोटा उभा करतो. गावानं ठरवलं. तुले सुट्टीच असन ना शुक्रवारी?" मेलेल्या माणसाच्या नावाने गावाबाहेर उभा दगड रोवायचा, आणि त्याला पहिला हात थोरल्या मुलाने लावायचा. तोवर बाप घरचाही नाही आणि खालचाही नाही, मधेच कुठेतरी. "माह्यानं नाई होत, निक्या. शुक्रवारी प्रार्थना हाय. आन् मी तसा हात लावत नाई, तुले मालूम हाय." मग निकेश म्हणाला, "तू नोको येऊ. पन एक सांग. तुह्याकडं येते का तो?" वारलूने विचारलं, "कोन?" निकेशने फोन ठेवला.

गुरुवारी दुपारी वारलू सभागृह धुवायला गेला. हे काम त्याने स्वतःकडे घेतलेलं, महिन्यातून दोनदा, बादली आणि घासणी घेऊन. आपल्या जागेवर तो गुडघ्यांवर बसला. ठिपके निघेनात. मनुकांचा रस फरशीच्या रंध्रांत शिरला होता. त्याने सोडा टाकला, वीट घासली, नखाने खरवडलं, घाम टपटप पडत राहिला आणि प्रत्येक थेंबाबरोबर त्याला वाटत होतं की हे माझं नाही, मी नाही केलं, प्रभू, त्याला माझ्या हातातून काढ. वर्षभर त्याची हीच एक प्रार्थना होती, बाप काढ. दारात सावली पडली. सुकरीबाई होती, मंडळीतली सगळ्यांत म्हातारी, कोरचीकडची गोंड, भाजी विकून घरी जाताना थंड फरशीवर टेकायला आलेली.

"घासू नोको बाबू, उगाच," ती म्हणाली. "निंगत नाई तो डाग."

"पोराइनं सांडवलं वाटते."

"पोराइनं?" ती खाली बसली, पाय पसरले. "मी पाह्यलं ना त्या दिवशी. माह्या बाकाखाली पाय बरं."

त्याला पाहायची गरज नव्हती. शेवटच्या बाकाखाली भिंतीच्या कडेला असलेले ते ठिपके तो कितीतरी वर्षं घासत होता. काही फिके, काही गडद, एकावर एक. म्हातारीचा हात हलतो, असं स्वाती म्हणायची, आणि त्यानेही तेच धरून ठेवलं होतं.

"लोकं म्हनते बुढीचा हात हालते," सुकरीबाई म्हणाली. "हात नाई हालत माहा. दांडीत तोलून भाजी देतो मी."

वारलूचे हात घासणीवरच थांबले. त्याला राग आला, आणि रागामागे भीती. तीन दिवसांनी तो एल्डर होणार होता. हे पास्टरांना सांगणं त्याचं काम होतं. "तं मंग तू प्रभूले पूरं मन नाई देलं म्हन ना, सुकरीबाई. अर्धं इकडं, अर्धं तिकडं."

म्हातारी हसली नाही, चिडलीही नाही. पदराने मान पुसली. "देलं ना. जसं होतं तसं देलं. त्यात बुढा होता माहा, माय होती, दोन लेकरं मेली ते होते. त्याइले भायेर काढून मंग नाई देलं. तू काढून देलं का?"

पाणी बादलीभर उरलं होतं, ते ओतून त्याने सभागृह धुतलं. पण शेवटच्या बाकाखाली त्या दिवशी घासणी नेली नाही.

शुक्रवारी पारा त्रेचाळीसच्या वर होता. वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर जागच्या जागी उभा होता, पत्रा कडकड वाजत होता, पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. बारा वाजल्यापासून कुणी पाणी प्यायलेलं नव्हतं. पहिला शब्द झाला, क्षमेचा. दुसरा झाला, त्या चोराचा. वारलू पुढच्या बाकावर होता, हातात पुस्तक आणि पुस्तकात घडी घातलेला कागद. कागदावर त्याने छान बोलणं तयार केलं होतं: इरईचं धरण, नळी, व्हॉल्व्ह, आणि जो कधी आटत नाही तो झरा. दहा मिनिटांचं. तिसरा शब्द, चौथा. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. दोन वाजून गेले होते. आत्ता गावात दगड उचलत असतील, निकेशच्या खांद्यावर दोर असेल, आणि पहिल्या हाताची जागा रिकामी. त्याने ते मनातून झटकलं. पास्टरांनी नाव पुकारलं.

तो उभा राहिला आणि वाचू लागला. तहानेची ओळ वाचली, आवाज नीट आला. त्याच्या पुढची ओळ त्याला तोंडपाठ होती. एकोणीस वर्षांत तीसेकदा त्याने ती ऐकली असेल, आणि कुणी मधेच उठवून विचारली असती तरी म्हणून दाखवली असती. तिथे आंबेने भरलेलं एक भांडं होतं. आंब म्हणजे शिपायांची आंबलेली हलकी दारू, हे पास्टरांनीच एकदा शिकवलेलं. शिपायांनी तिच्यात बोळा बुडवला, काठीवर खोचला, आणि वर त्याच्या ओठांपर्यंत नेला. वारलू इथवर आला आणि थांबला. ओळ संपलेली होती, तरी तो तिच्याकडे बघत राहिला. ज्यांनी खिळे ठोकले त्यांनी. ज्यांनी त्याचे कपडे वाटून घेतले त्यांनी. त्यांच्याजवळ जे होतं ते त्यांनी दिलं, आणि देताना काही मागितलं नाही. आणि तो प्यायला.

सभागृहात कुणीतरी खाकरलं. स्वाती पुढच्याच बाकावर होती, तिने मान वर केली. वारलूने कागद घडी करून खिशात टाकला.

"शिपायाइनं देली," तो म्हणाला. आवाज चमत्कारिक आला, त्यालाच परका वाटला. "मी नाई देली. माहा बाप पानी मांगत होता. दारूची गोष्ट सोडा, ते मी तुमाले सांगतली, तुमी टाळ्या वाजवल्या. पानी मांगत होता तो. माह्या हातात होतं. मी म्हनलं, नाव घे, मंग देतो." त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "हे मी सांगतलं नोतं. तहान प्रभूले लागली, असं इथी लिवलं हाय. मी समजत होतो मी प्रभूच्या बाजूनं उभा हाओ. मी शिपायाइच्याबी मांगं होतो."

आणखी काही बोलायचं असेल म्हणून लोक थांबले. तो जाऊन आपल्या जागेवर बसला, पायाखाली ते दोन ठिपके, आणि ढसाढसा रडला. बापाच्या मागे वर्षभर रडला नव्हता तो. स्वातीने त्याचं मनगट धरलं. सहावा शब्द सगळं पूर्ण झाल्याचा असतो, आणि तो ज्याच्याकडे होता त्या बिचाऱ्याला कसं सुरू करावं कळेना. मागून सुकरीबाईच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला.

तीन वाजता मंडळी बाहेर पडली, माठावर गर्दी झाली. प्रफुल पास्टर वारलूपाशी आले. तरुण माणूस, चेहऱ्यावर झोप न झाल्यासारखं. "वारलूभाऊ, इस्टरचं ते थोडं पुढं ढकलू का? लोकं विचारतीन मले." वारलू म्हणाला, "ढकला." पास्टर घुटमळले. "बापासाठी प्रार्थना करा म्हनता येत नाई मले, शिकवन नाई आपली तशी," ते हळू म्हणाले, "पन तुमी करान तं मी कानात बोटं नाई घालनार." मग त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून त्याला दिला. वारलूने तो धरला. अंगठा जागचा हलला नाही. त्याला वाईट वाटलं, आणि तो घटाघटा प्यायला.

शनिवारी पाण्याचा दिवस होता. पाचला वारलूने खड्ड्याचं झाकण सरकवलं, चावी बसवली, आटे फिरवायला लागला. प्रार्थना सुरू केली ती हळू आवाजात, नेहमीच्या जागी मोठी केली नाही. तेराव्या का चौदाव्या आट्याला हिशेब चुकला. गल्लीत पहिला नळ खोकला. मग दुसरा. तो चावीला धरून उभा राहिला आणि एकोणीस वर्षांत न मागितलेलं मागितलं: प्रभू, माझ्या बापाला तहान लागली आहे. एवढंच, काढ म्हणाला नाही, वाचव म्हणाला नाही. उरलेले आटे फिरवून तो गल्लीत शिरला. पहिल्या घरची माणसं लग्नाला गेली होती, नळाखाली बादली नव्हती. नळ अजून खोकत होता, हवेचे दोन गचके, मग लालसर पाणी, मग स्वच्छ धार, आणि धार खाली मातीत. सवयीने त्याचा हात तोटीवर गेला. तिथेच थांबला.

"आलं, बाबा," तो माडियात म्हणाला. "पाणी आलं. घे."